तीन डाग घेऊन वरकुट्याला

वरकुटे पाहायला म्हणून कोणी जात नाही. बारामतीहून इंदापूरकडे निघालेला रस्ता सोडून थोडे आत वळले की ते गाव लागते. ज्वारीची रानं, मधूनच एखादी डाळिंबाची बाग आणि निळा रंग दिलेली पाण्याची टाकी, एवढेच त्याचे दर्शन. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांनी फार काही गमावले आहे, असा माझा दावा नाही. पण १९९६च्या जानेवारीत मी तिथे तीन दिवस जाऊन आलो, आणि ते लिहून काढल्यावाचून मला स्वस्थता लाभेल असे दिसत नाही.

जाण्याचे निमित्त होते एक शेगडी. माझा मुलगा मिलिंद पुण्यातल्या एका कारखान्यात नोकरीला आहे. तिथे यंत्रे बसवायला आलेला एक जपानी तंत्रज्ञ मायदेशी परतताना त्याला ती देऊन गेला. लोणच्याच्या बरणीसारखी झिलईदार, हिरवी, पोटात फुगलेली, वर घुमटासारखे झाकण. हवा आत घ्यायला खाली एक सरकती खिडकी, धूर सोडायला वर एक. आत निखाऱ्यांसाठी मातीचेच वेगळे पात्र आणि त्यावर लोखंडी जाळी. कोळसा घालून झाकण लावले की धूर जवळजवळ होत नाही आणि आच एकसारखी राहते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती सहा महिने झाडाच्या कुंड्यांशेजारी बसून होती. मी तिचे वजन केले. अठरा किलो भरले.

वजन करणे हा माझा पेशाच आहे. मी वजनमापे निरीक्षक आहे. तीस वर्षे दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासतो, काट्याला तार ओवून शिशाचे सील मारतो. या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या, हळू आवाज आणि संशय. हळू बोलणाऱ्या माणसाचा संशय मोठ्याने बोलणाऱ्याच्या शिवीपेक्षा खोल जातो, हे मला उशिरा समजले.

वरकुट्याला माझी थोरली बहीण आक्का आणि तिचे यजमान मारुती दाजी राहतात. अकरा वर्षांपूर्वी पुण्यात माझ्या घरी आई वारली. मातीला आलेली माणसे घरात बसलेली असताना आईच्या कानातली सोन्याची फुले दिसेनात. दाजी गावी निघाले होते, खांद्याला पिशवी होती. मी दारात उभा राहून, दहापंधरा माणसांसमोर, नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, "दाजी, जरा पिशवी उघडून दाखवता का?" त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. आत एक धोतर आणि आक्काने पाठवलेल्या हुरड्याचा रिकामा डबा होता.  दाजी पिशवी मिटून निघून गेले.

सहा वर्षांनी धुण्यासाठी म्हणून आईची गोधडी उसवली, तेव्हा तिच्या काठात शिवलेली ती फुले सापडली. इतकी वर्षे मी तीच गोधडी पांघरून झोपत होतो. फुले मी मिलिंदच्या हाती आक्काला पाठवली, पण सोबत एक ओळही लिहिली नाही. तिचे कार्ड आले. त्यावर दोनच शब्द होते, 'डाग पोचला'. त्यांच्याकडे दागिन्याला डाग म्हणतात. मी ते कार्ड कितीतरी वेळा वाचले.

मी चौदा वर्षांचा असताना आमच्या घराने धम्म स्वीकारला. त्याआधी माझे वडील गावच्या दुकानातून निघाले की दुकानदार त्यांची पिशवी उघडायला लावी, आणि वडील ती उघडत. शेजारी मी उभा असे. ज्याने ते पाहिले त्याने पुढे ते केले. वंदनेत खोटे न बोलण्याचे चौथे शील म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

या हिवाळ्यात आक्काचे कार्ड पुन्हा आले. 'यंदा आगटी न्हाय. यांना दमा झालाय, धूर सोसत न्हाय. ज्वारी नुसती उभी हाय.' आगटी म्हणजे रानात खणलेला खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवून ज्वारीची कोवळी कणसे भाजतात आणि हुरडा काढतात. दाजींच्या हातचा हुरडा खायला चार गावांची माणसे येत. कार्ड वाचून मिलिंद एवढेच म्हणाला, "बाबा, शेगडी घेऊन तुम्हीच जा."

पुणे ते वडगाव निंबाळकर

इंदापूरकडून डाळिंबे घेऊन आलेला एक टेम्पो रिकामा परत जाणार होता. मिलिंदने मला त्यात बसवून देण्याची व्यवस्था केली. मातीची जड वस्तू लांबच्या रस्त्याने नेण्याचा प्रसंग कोणावर येईल तर उपयोग व्हावा, म्हणून मी केलेली बांधाबांध सांगतो. तिच्यातला दोष वाचकाला पुढे कळेलच. झाकण बिजागरीतून सोडवून वेगळे केले आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून पोत्यात घातले. हा एक डाग. सामानाच्या नगालाही डागच म्हणतात. शेगडीचे धड, आतल्या पात्रासह, तसेच कागदांत गुंडाळून दुसऱ्या पोत्यात. हा दुसरा. जाळी आणि कोळसा हा तिसरा. मग तिन्ही पोत्यांच्या गाठींतून तार ओवली आणि प्रत्येकीवर शिशाचे सील दाबले. पकड आणि शिशाच्या गोळ्या सरकारी नव्हत्या, मी बाजारातून आणल्या होत्या. बायको दारातून पाहत होती. म्हणाली, "बहिणीला भेट नेताय की मुद्देमाल?" मी तार आणखी आवळली.

चालकाचे नाव नामदेव. चाळिशीचा, रुंद हाडाचा, बोलका माणूस. त्याने सीलकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"सायब, आत काय काचसामान हाय का?"

"आहे काहीतरी."

"जायाचं कुठं नेमकं?"

"इंदापूरच्या अलीकडे. सांगेन पुढे."

तपासणीला निघालेला निरीक्षक आपला मुक्काम आधी सांगत नसतो. त्या सवयीने बोललो. नामदेव हसला. "बरं. म्होरं म्हंजी म्होरं."

हडपसर सोडले आणि दिवे घाट लागला. टेम्पो वळणावळणाने चढत होता आणि मागून काहीतरी खळ्, खळ् असे वाजत होते. रिकाम्या करंड्या असतील असे मी समजलो. घाटमाथ्यावर थंड वारा होता, खाली पुणे धुरकट दिसत होते. सासवड गेले. जेजुरी आली तेव्हा नामदेव मान तिरकी करून ऐकू लागला.

"सायब, डाग बोलतोय."

मला त्याचा रोख आवडला नाही. आत काय आहे ते माझ्याकडून काढून घेण्याची ही युक्ती आहे, असे वाटले. "बोलू द्या," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे दोनदा पाहिले, खांदे उडवले आणि गाडी पुढे काढली.

नीरा ओलांडल्यावर भोवतालचा रंगच बदलला. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकलेला, तोडणी चालू होती. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते, आणि प्रत्येकावर ध्वनिफीत इतक्या मोठ्याने लावलेली की एकाचे गाणे संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू होई. वडगाव निंबाळकरला नामदेवने टेम्पो एका चहाच्या टपरीशी उभा केला.

"तुमी च्या घ्या सायब. मी जरा हवा बघतो."

हवा त्याने हडपसरला पाहिली होती, माझ्यादेखत. मी हे मनात नोंदवले आणि बाकावर बसलो. बाक असा ठेवलेला की बसणाऱ्याची पाठ रस्त्याकडे यावी. हाही योगायोग मला साधा वाटेना.

चहावाले आबा साठीचे होते. दूध तिथल्याच गोठ्यांतले, दाट. पुण्यात पाहुण्याला 'चहा घेणार का' असे विचारतात. इथे आबांनी विचारले, "किती च्या?"

"एक."

"कुठनं आला?"

"पुण्याहून."

"आन् जायाचं कुठं?"

"पुढे."

"म्होरं तर समद्यांनाच जायाचं हाय," आबा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूष होऊन त्यांनी माझा कप काठोकाठ भरला.

नामदेव आला तेव्हा त्याच्या हाताला गवताची कुसे चिकटली होती. तो आबांना माझ्या पाठीमागून काही सांगू लागला. त्याच वेळी एक ट्रॅक्टर गाणे वाजवत गेला. त्या गोंगाटातून माझ्या कानी तुटक शब्द आले, "सायबांचा डाग... केला गडप." आबा हसले. मी चहा अर्धा ठेवून उठलो आणि मागे जाऊन पाहिले.

डाग चार होते.

मी पुन्हा मोजले. झाकणाचे सील जागेवर. जाळीचे जागेवर. धडाच्या पोत्याची गाठ निराळी, सील नाही, तार नाही. आणि शेजारी चौथे एक गाठोडे, नामदेवच्या पोत्यात बांधलेले, कडेने उसाचे पाचट बाहेर आलेले. पुढे सीटखाली त्याची पिशवी होती. सकाळी ती सपाट होती, आता फुगली होती.

मी विचारू शकलो असतो. चार शब्दांचे काम होते. पण निरीक्षक विचारत नाही, पाहतो. मी चढून बसलो आणि म्हणालो, "चला."

बारामती

वडगावहून बारामतीपर्यंतचा रस्ता मी त्या पिशवीकडे पाहत काढला. बाहेर काय होते ते मला सांगता येणार नाही, आणि प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला हे कबूल करणे लाजिरवाणे आहे. एवढे मात्र ध्यानात आले की मागचा आवाज थांबला होता. गतिरोधकावर टेम्पो उडाला तरी मागे चिडीचूप. गप्प झालेल्या दुकानदाराचा तराजू आधी तपासावा, असे मी नव्या निरीक्षकांना शिकवत आलो आहे. आतले पात्र याने काढून पिशवीत घातले असणार, आणि चौथे गाठोडे त्याचा स्वतःचा माल. मनात सारे जुळत गेले. संशयाचे हे वैशिष्ट्य आहे की त्यात काहीही जुळते.

बारामतीत एसटी स्थानकाजवळ तो थांबला. दोन हमाल, एक पेरूवाली, भेळेच्या गाडीपाशी तीनचार गिऱ्हाईके. नामदेवने भेळ सांगितली, "सायबांच्या भेळंत कांदा जास्ती टाक रं." मी खाली उतरलो, त्याच्याजवळ गेलो, आणि माझ्या कानांनी माझाच आवाज ऐकला. हळू, नम्र, अकरा वर्षे जुना.

"जरा पिशवी उघडून दाखवता का?"

पेरूवालीने मान वर केली. हमाल थांबले. नामदेव एकदम मोठ्याने हसला.

"आयला! सायब, आमच्या वरकुट्याची म्हन तुमाला कुठं घावली?"

मी म्हणालो, "म्हण?"

"म्हन म्हंजी काय! आमच्याकडं एक मारुती तात्या हायती. त्यांचा मेव्हना पुन्यात बडा सायब. सासूच्या मातीला गेल्यावर त्यानं तात्यांना भर मानसांत म्हनलं, पिशवी उघडून दावा. तवापास्नं तात्या कुनाच्याबी घरनं निघालं की पिशवी फाकवून दावत्यात. 'बघून घ्या, न्हायतर मागनं बोंबलाल.' आता समदा गाव तसंच करतोय. पोरी म्हायेरनं सासरी निघाल्या तरी पिशवी उघडत्यात. हसून हसून पोट दुखतंय." बोलता बोलता त्याने सीटखालची पिशवी ओढली आणि माझ्यापुढे फाकवली. "घ्या, बघा."

आत भाकरीचे फडके होते. माझी वर्तमानपत्रे होती, एकेक सरळ करून, चार घड्या घालून ठेवलेली. आणि कागदाच्या पुडीत माझे शिशाचे सील, तारेसकट.

"सरकारी दिसलं, म्हून टाकलं न्हाय," नामदेव म्हणाला.

 त्याने मागे जाऊन चौथे गाठोडे सोडले. पाचटाच्या जाड थरात, पिलू निजवावे तसे, आतले पात्र होते. "भांड्यात भांडं मोकळं ठिवू न्हाय सायब. बोलाय लागतंय. घाटात बोलाय लागलं ते थांबंचना. कागूद काय कामाचा? एक दणका बसला की चपटा हुतोय. पाचट कसं, दबतंय आन् परत उठतंय. धडाच्या पोटातबी भरलंय. वडगावला रानातनं घेतलं आन् केलं गप."

गप केले. गडप नव्हे.

"मला सांगायला हवे होते," मी म्हणालो.

"सांगितलं की! जेजुरीला म्हनलं, डाग बोलतोय. तुमी म्हनला, बोलू द्या."

पात्राच्या काठाला बोटाच्या पेराएवढी खपली उडालेली होती. ती घाटात उडाली होती, माझ्या बांधणीमुळे, माझ्या सीलच्या आत.

"नामदेवराव," मी म्हणालो, "तो मेव्हणा मी आहे. आपल्याला मारुती तात्यांकडेच जायचे आहे."

त्याचे हसू हळूहळू विरले. भेळवाल्याने दोन पुड्या पुढे केल्या. नामदेवने एक माझ्या हातात दिली आणि खाली पाहत म्हणाला, "खावा. मऊ पडंल."

वरकुटे

निमगाव केतकीच्या पानमळ्यांवर ऊन कलत असताना आम्ही वळलो आणि दिवेलागणीच्या सुमारास दारात पोचलो. वाटेत मी नामदेवची क्षमा मागितली तेव्हा तो म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या. म्होरचं बघा."

दाजी बाजेवर बसले होते. उंच माणूस, पण छातीचा भाता वाजत होता आणि खांदे पुढे आले होते. "या पावणं," ते म्हणाले. तेवढेच. मी जयभीम घातला, त्यांनी हात जोडले. आक्काने तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाळू, वाळलास की रं."

डाग उतरवत असताना शेजारची एक म्हातारी उसने पीठ घेऊन निघाली होती. दारात तिने सवयीने पिशवी फाकवली. "बघून घ्या गं बया, न्हायतर..." आणि तिची नजर माझ्यावर पडली. तिने पिशवी पोटाशी धरली आणि पुढचे शब्द गिळले. दाजी खोकत होते की हसत होते, मला कळले नाही.

जेवायला हुलग्याची शेंगोळी, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. दाजींनी मला तीनदा वाढायला लावले. मी प्रत्येक आग्रहात टोमणा शोधत होतो. 'पावणं, अजून घ्या, कमी भरायला नगं,' यात माझ्या पेशावर बोट होते काय? झोपायला गोधडी दिली ती सहज, की मुद्दाम निवडून? ज्याला संशयाची सवय असते त्याला प्रेमाने वाढलेले ताटही तपासून पाहावेसे वाटते, आणि मी ते तपासत होतो.

सकाळी आक्का धार काढत होती. मी गोठ्याच्या दाराशी उभा राहिलो.

"ती म्हण दाजींनी काढली?"

"मग कुनी?" चरवीत धारेचा आवाज चालू होता. "पयलं वरीस गप हुते. जेवायचे न्हाईत नीट. रानात जाऊन बसायचे. मग एक दिस पाटलाच्या घरनं निघताना पिशवी फाकवली आन् म्हनले, बघा. मानसं हसली. हे बी हसले. मी आत जाऊन रडले." तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "हसले म्हून जगले बाळू. पन ते हसनं ऐकून ऐकून मी दमले."

"मी आज सांगणार आहे."

"कुनाला? मला ठावं हाय. त्यांनाबी ठावं हाय. मिलिंद डाग घिऊन आला तवाच कळलं."

"माणसांत सांगणार आहे. माणसांत बोललो होतो."

 धार थांबली.

रानात

त्याच दिवशी दुपारी रानातल्या बाभळीखाली शेगडी मांडली. आक्काने शेजारपाजार बोलावला होता. नामदेवही आला होता, हात पाठीमागे बांधून जरा दूर उभा. दहाबारा माणसे. जुनी आगटीची खाच मागच्या वर्षीची राख घेऊन तशीच पडली होती.

दाजींनी पोती सोडायला घेतली. झाकणाच्या पोत्याच्या गाठीशी त्यांची बोटे थांबली.

"पावणं, ह्ये काय?"

"सील."

"कशापायी?"

"वाटेत कोणी उघडू नये म्हणून."

दाजींनी ते शिसे अंगठ्याने चोळले. "आन् उघडलं का कुनी?"

"उघडले," मी म्हणालो. "नामदेवरावांनी. त्यांनी उघडले म्हणून शेगडी शाबूत पोचली. माझ्या सीलमध्ये ती फुटत होती."

कोणी हसले नाही. मला वाटले होते की मी बसून बोलेन, पण मी उभा होतो, आणि आवाज नेहमीसारखा हळू निघेना.

"अकरा वर्षांपूर्वी मी दाजींना माणसांसमोर पिशवी उघडायला लावली. आईचा डाग माझ्याच घरात, माझ्याच अंगावरच्या गोधडीत होता. तो सापडल्यालाही पाच वर्षे झाली. मी डाग पाठवला, शब्द पाठवला नाही. दाजी, मी खोटा ठरलो हे तुम्हांला ठाऊक होते. ते मी या लोकांपुढे सांगायचे राहिले होते."

बाभळीवर होले घुमत होते. दाजींनी झाकण पोत्यातून काढले, धडावर बसवून पाहिले, बिजागरी अडकवली. मग आतले पात्र उचलून काठाच्या खपलीवर बोट फिरवले.

"डाग पडलाय," ते म्हणाले.

"होय. माझ्यामुळे."

"असू द्या. इस्तू पडला की दिसनार न्हाय." आणि लोकांकडे वळून, "काय बघत बसलाय? कनसं आना की! दुपारच्याला ज्वारी उतरंल का आपसूक?"

दाजींनी पहिला विस्तव थोडा केला. मिलिंदने मला सांगितले होते की नव्या मातीला एकदम आच देऊ नये, पण ते सांगायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःच गोवरीचा तुकडा पेटवला, मातीला हात लावून पाहिला, मग कोळसा घातला. कणसे जाळीवर ठेवून झाकण लावले. धूर वर खिडकीतून दोऱ्याएवढा निघाला आणि थांबला. दाजी शेगडीशेजारी बसले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. खोकला आला नाही. आक्का हातातले काम सोडून त्यांच्या छातीकडेच पाहत होती.

पहिले कणीस त्यांनी काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. निखाऱ्यासारखे तापलेले होते.

"चोळा."

हुरड्याचे कणीस गरम असतानाच दोन्ही तळव्यांत चोळावे लागते. थंड झाले की दाणा सुटत नाही. मला हात झटकावासा वाटला, पण झटकला नाही. दाणे सुटले, हिरवे, वाफाळते. मी ते दाजींपुढे धरले. त्यांनी चिमूटभर घेऊन तोंडात टाकले, डोळे मिटून चावले.

"एक आच कमी हाय," ते म्हणाले. मग नामदेवला हाक मारली, "ए नाम्या, लांब का उभा? ये, पयला घास तुझ्या पाचटाचा."

सगळे आवरताना आक्का तांब्याने निखाऱ्यांवर पाणी शिंपडायला गेली. आपल्याकडे विस्तव विझवत नाहीत, निववतात. मी ओरडलो, "थांब! पाण्याने तडकेल." मग दाखवले: खालची खिडकी सरकवायची, वरची सरकवायची, झाकण ठेवायचे. वारा मिळाला नाही की विस्तव आपोआप विझतो.

दाजी ते पाहत होते. "झाकलं की इझतंय?" त्यांनी विचारले. "नवलच. आमचं तर झाकलं की धुमसतंय."

ते माझ्याकडे पाहून बोलले की शेगडीकडे, याचा मी अजून निर्णय करू शकलेलो नाही. त्या दिवशी मात्र मी तपासले नाही.

परत

तिसऱ्या दिवशी निघताना आक्काने माझ्या पिशवीत हुरडा बांधून दिला. दारात आलो. शेजारची म्हातारी, नामदेव आणि दोघेतिघे आणखी उभे होते. मी पिशवी खांद्यावरून काढली आणि दाजींपुढे फाकवली.

"बघून घ्या, दाजी."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. आक्का म्हणाली, "मिटव बाळू, पुरे झालं."

"न्हाय, ऱ्हाऊ दे," दाजी म्हणाले. "दावतोय तर बघतो." आणि त्यांनी खरोखरच आत हात घातला. धोतर वर केले, हुरड्याची पुरचुंडी बाजूला सारली, तळापर्यंत गेले. हात बाहेर आला तेव्हा त्यात माझी सील मारायची पकड होती.

"ह्यी ऱ्हाऊ द्या हितं. कुंपनाची तार आवळाय बरी हाय."

"राहू द्या," मी म्हणालो.

"पुढल्या पौषात या. आच बराबर लागंल तवर."

इंदापूरहून पुण्याच्या एसटीत बसलो. गाडी भरलेली होती, कंडक्टर सामानाकडे पाहत माझ्यापाशी आला.

"बाबा, डाग किती?"

"एक," मी म्हणालो. "मांडीवर ठेवतो."